आईचा आदल्या दिवशीचा नाष्टा

टोरांटो, नोव्हेंबर २००३

दादा, जय भीम.

आता काळजी सोडा. इतके दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली तुमची नात आज सकाळी घरी आली.

तिला बघायला पाहुणे येणार होते. ओव्हनला हात लावायला भिणाऱ्या आपल्या आईनं शेजारणीकडून शिकून काल संध्याकाळीच पाव, दूध, अंडी, सफरचंदाच्या फोडी असं सगळं भांड्यात रचून फ्रिजमध्ये ठेवलं. वेलची तिच्या मनानं घातली.

"आत्ताच कशाला?" मी विचारलं.

"सकाळी निसतं भाजायचं. म्हंजी पोरीला घ्यायला हात मोकळं ऱ्हातील."

पाहुण्यांनी भांडं चाटूनपुसून खाल्लं. मला आईचा लई अभिमान वाटला. तिनं मात्र पोरीला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

तिकडं गावी, डिंगोऱ्यात, तुम्ही एकटे वेळेवर जेवता ना? आई घास घेताना मधेच थांबते.

तुमचा,
कपिल