उघड्या चोची

जिंतूर, १४ जून २०२५

प्रिय अण्णा,
शरणार्थ.

तू बोलत असतानाच मी फोन ठेवला. आता तो वाजतोय, पण उचलणार नाही. लिहिते.

आईचा गुडघा बरा आहे. उद्या परभणीच्या पक्षी-फोटोंच्या प्रदर्शनात तू पाहुणा म्हणून व्यासपीठावर बसणार, हे तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलंय.

तीन वर्षांपूर्वी माझ्या फोटोत पक्षी म्हणजे मधोमध एक काळा ठिपका असायचा. पुण्यातल्या तुझ्या फोटोग्राफी क्लासमध्ये माझं नाव घालून तू फोनवर शिकवलंस. सूर्य पाठीशी घे. पोटावर पडून पक्ष्याच्या उंचीला ये. तो बघतो त्या बाजूला जागा सोड. डोळ्यात उजेड हवाच. येलदरी धरणाच्या काठावर चिखलात पडून मी ते सगळं केलं. फोटो सुधारले. ते नाकारत नाही.

एप्रिलचं मात्र तुला आजपर्यंत अर्धंच माहीत होतं.

सटवाजीमामांच्या बांधावरच्या बोरीत बुलबुलाचं घरटं होतं. तीन पिल्लं. फोटो काळपट यायचे. एक तुला पाठवला. तुझं उत्तर आलं, ‘वरची फांदी काढ. उजेड येऊ दे.’

मामा शेताला पाणी देत होते.

“ताई, ऊन लय हाय. तोडू नगा. मी दोरीनं वढून धरतो, तुमचं झालं की सोडतो.”

“दोरी फोटोत येईल, मामा.”

“मंग येऊ द्या की. बुलबुलाला काय लग्नाला जायचंय?”

मी हसले आणि त्यांचाच कोयता घेतला. कुंपणाला बोरीच्या काट्या आपल्याकडे रोजच तोडतात. एका फांदीचं काय एवढं, असं वाटलं.

नऊच्या उन्हात तो फोटो मिळाला. तीन उघड्या चोची, प्रत्येक डोळ्यात उजेडाचा ठिपका. ‘भूक’ हे नाव तू दिलंस. स्पर्धेत पहिला क्रमांक आला. उद्या प्रदर्शनात तो दारासमोरच लागणार आहे.

त्यांना भूक नव्हती, अण्णा. मादी चोचीत किडा घेऊन आली, एकानंही घेतला नाही. पिल्लं उन्हानं धापा टाकत होती. मग मादी पंख पसरून घरट्यावर उभी राहिली. मी तोही फोटो काढला. तू तो बाद केलास. पाठमोरी आहे, मधोमध आहे, डोळा दिसत नाही.

साडेदहाला मी घरी गेले. तोडलेली फांदी तिथंच पडली होती. ती घरट्यावर टेकवायला दोन मिनिटं लागली असती. मला फोटो मोठ्या पडद्यावर बघायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी तिन्ही मेलेली होती. मुंग्या लागल्या होत्या. मामा एवढंच म्हणाले, “मी धरलो असतो की, ताई.”

आज हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, ‘पिल्लं तशीही मरतात. लोकांना काय कळतंय?’

कळेल. मी सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही. कोयता माझ्या हातात होता. पण ‘भूक’ म्हणून तो फोटो लागू देणार नाही. बक्षीस काढून घेतलं तरी चालेल. तुझ्या क्लासच्या यादीतून माझं नाव काढ. आईला मीच सांगेन.

उजेड कसा घ्यायचा हे तुझ्याकडून शिकलेली,
अनुपमा

रविवार, सकाळी साडेनऊ, परभणी. ‘भूक’ लिहिलेली पट्टी मी काढली. तिथं कागद लावला: ‘सावली मी तोडली. पिल्लं मेली.’ शेजारी पाठमोऱ्या मादीचा फोटो टांगला. संयोजक दिनकररावांनी कागद काढला. मी दुसरा लावला. तोही त्यांनी काढला. आता तिसरा लावणार. माझ्यासोबत आलेले सटवाजीमामा स्टूल धरून उभे आहेत. हे पत्र व्यासपीठावरच्या तुझ्या खुर्चीवर ठेवते.