लिंबाच्या बुंध्याला मुरूम लागू देणार नाय

मंगळवार, संध्याकाळ

आज मुरमाचं टिप्पर मी फाटकातूनच परत पाठवलं. पाणी साचतं म्हणून सोसायटीचं अंगण दोन फूट उंच करायचंय, मान्य. पण मधल्या जुन्या कडुलिंबाचं काय?

अध्यक्ष म्हणाले, "ताई, झाडाला मस्त पार बांधतो, आत माती भरतो. पुण्याचं काम हाय."

पुण्य! कोपऱ्यावरच्या पिंपळाला असंच पुण्य केलं होतं. बुंध्याभोवती माती भरली, वर गुळगुळीत फरशी बसवली. तिसऱ्या वर्षी पिंपळ उभाच्या उभा वाळला. मुळांना हवाच मिळाली नाय. आणि त्या पाराला पहिला हार कुणी घातला? मीच. तेव्हा का नाय बोलले?

आज बोलले. बुंध्यापासून चार हात सोडून विहिरीसारखं दगडी कडं रचा, आतली जमीन जशीच्या तशी राहू द्या.

"लई खर्च हाय, ताई. आणि खड्डा वाईट दिसंल."

दिसू दे. वाळलेला पिंपळ लई देखणा दिसतो का?

उद्या टिप्पर पुन्हा येणार म्हणे. येऊ दे. लिंबाला पाठ लावून खुर्ची टाकते. पुण्यच करायचं असंल, तर मुरूम आधी माझ्या गुडघ्यापर्यंत भरा.