माल तपासून घेतला

पलूस,
सोमवार, ५ डिसेंबर १९७७

प्रिय ज्ञानू,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. ओळखूनही फोडलंस, एवढ्यावरच मी आज खूश आहे. सात वर्षं झाली, ना तुझी चिठ्ठी ना माझी. तुझा पत्ता परवा तुझ्या जुन्या दुकानातल्या बिराप्पानं दिला. सातारला एका गॅरेजात गाड्यांच्या सीटा शिवतोस म्हणाला. काम कुठलंच हलकं नसतं हे मलाही कळतं, पण फुटबॉल शिवणारा हात रेक्झिनला टाके घालतोय म्हणजे काय लेका!

कामाचं आधी सांगतो, नाहीतर माझं नेहमीचं पाल्हाळ सुरू होईल. आपल्या वर्गातला सोपान आठवतो का? बाजारात भाजी-माळवं विकतो तो. त्याची थोरली पोरगी राही आमच्या हायस्कुलात नववीला आहे. आठशे मीटर पळते. लय बारीक पोर, वाऱ्यानं उडेल अशी, पण दुसऱ्या फेरीला जी सुटते ती कुणाच्या बापाला ऐकत नाही. बावीस तारखेला पुण्यात राज्याच्या शालेय स्पर्धा आहेत. जिल्ह्यातून मुलींत ती एकटी निवडली गेली आहे. आणि तिच्या पायात घालायला बूट नाहीत. म्हणजे होते, खिळ्यांचे, कोरे करकरीत, तू जिथं शिवायला बसायचास त्या पेठेतल्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून आलेले. त्या बुटांनी काय केलं ते सांगायलाच बसलोय.

सत्तावीस तारखेच्या रविवारी सांगलीला जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या. पहिल्या फेरीला राही चौथी होती. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिनं एकदम तोंड वेडंवाकडं केलं. मी कडेनं ओरडतोय, "राहे, खांदं सोड, खांदं सोड!" मला वाटलं, दमली. ती दमली नव्हती रे. उजव्या बुटाचा एक खिळा तळातून उलटा वर आला होता आणि प्रत्येक पावलाला तिच्या चवड्यात शिरत होता. तशी ती दोनशे मीटर पळाली आणि पहिली आली. बसली तेव्हा म्हणते, "सर, बुटात खडा गेला वाटतं." बूट काढला तर मोजा लालभडक. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आठ दिवस पाय टेकू देऊ नका म्हणाले. जखम भरतेय. पण पोरगी आता खिळ्यांचा बूट बघितला की पाय मागं घेते. अनवाणीच पळते म्हणते. पुण्याच्या कोळशाच्या ट्रॅकवर अनवाणी, आणि आजूबाजूला सात जणींचे खिळे! तूच सांग, मी तिला तशी उभी करू?

शनिवारी तोच बूट पिशवीत घालून दुकानात गेलो. बऱ्याच दिवसांनी आत पाय ठेवला. माल येतो तो टेम्पोनं शाळेत येतो, आणि कागदं शिपाई नेतो-आणतो. दारात पाऊल टाकलं आणि मला वाटलं मी चुकून भांड्यांच्या दुकानात शिरलो. जिथं तुझं शिवायचं स्टूल असायचं तिथं काचेचं कपाट, आणि त्यात वरपासून खालपर्यंत कप आणि ढाली. कमरेएवढे कप! कारखान्याचे चेअरमन, पतपेढीचे चेअरमन, गणेश मंडळवाले, सगळ्यांना कपच पाहिजेत. खेळायला चेंडू नसला तरी चालेल, पण बक्षीस समारंभाच्या फोटोत कप मावला नाही पाहिजे. भालाफेकीचा एक भाला कोपऱ्यात सापडला. बांबूला पत्र्याचं टोक ठोकलेलं, आणि त्यावर दुकानाची फडकी वाळत घातली होती. थाळीफेकीची थाळी बघितली, तिचे प्लायवूडचे पदर विस्कटलेले. व्हॉलीबॉल हातात घेऊन टप्पा टाकला तर गडी कोंबडीच्या अंड्यासारखा भलतीकडंच गेला. शिसारी आली मला.

आणि माणसं! मालक भाऊसो वारले तेव्हापासून त्यांचा मुलगा सयाजी गल्ल्यावर असतो. खुर्चीवर एक पाय दुमडून बसलेला, कानाला रेडिओ, ऑस्ट्रेलियातली कॉमेंट्री चालू. मी उभा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक म्हातारा नातवासाठी फुटबॉलचं ब्लॅडर मागत होता, त्याला मान वर न करता "न्हाई." पंप? "न्हाई." कवा येईल? "आलं की येईल." म्हातारा बिचारा चपला शोधत निघून गेला. शेवटी मी बूट काढून काउंटरवर ठेवला तर सयाजी बोटाच्या टोकानं तो बाजूला सारून म्हणतो, "मास्तर, वापरलेला माल परत घेत न्हाई. पाटी वाचा की." खरंच पाटी होती, रंगवलेली, छान अक्षरात. आख्ख्या दुकानात तेवढी एकच वस्तू नीट केलेली दिसली. मी म्हणालो, पोरीच्या पायात खिळा शिरलाय. तर म्हणतो, "माल दिल्लीचा हाय, कंपनीला लिवा." आणि पुन्हा कान रेडिओला. मी मिलिटरीत अकरा वर्षं काढली, कुणावर हात उचलला नाही. परवा मूठ वळली होती, देवाशपथ.

मला तुझ्या वेळचं ते दुकान आठवत राहिलं रे. तू फौजेत जालंधरला पोस्टिंगवर असताना रविवारी फिरायला जायचं सोडून त्या फाळणीतून आलेल्या कारागिराच्या पायाशी बसून शिवण शिकलास. घरी आल्यावर तुझ्या आईनं, चामडं शिवून आलास तर अंघोळीशिवाय चुलीपाशी यायचं नाही म्हणून किती दिवस तुला ओसरीवर जेवायला घातलं! तरी तू सोडलं नाहीस. बुटाचं गिऱ्हाईक आलं की तू आधी त्याला ओल्या पोत्यावर उभं करायचास आणि मग फरशीवर चालायला लावायचास. फरशीवरचा ठसा बघून सांगायचास, याचा पाय सपाट आहे, याची टाच आत पडते. सकाळी कुणी माप द्यायला आला तर परत पाठवायचास, संध्याकाळी ये म्हणून, पाय दिवसभराचा फुगलेला पाहिजे म्हणून. लोक शिव्या घालायचे आणि संध्याकाळी यायचे. भाला बोटावर तोलल्याशिवाय कधी दिला नाहीस. चेंडू रात्रभर घमेल्यात बुडवून ठेवायचास, एक बुडबुडा दिसला तर उसवून पुन्हा शिवायचास. आणि ते मिरजेचे शेटजी, हॉकीच्या सहा काठ्या मागायला आले, तू विचारलंस टीम कुठली, ते गडबडले, तर म्हणालास, "मारामारीला पायजेत तर शेजारी लोखंडाचं दुकान हाय." भाऊसोंनी कपाळाला हात लावला होता. आपण दोघं मागच्या खोलीत पोट धरून हसलो.

बिराप्पा अजून आहे तिथं. तूच त्याला जतहून आणून टाके घालायला शिकवलंस. आता तो दिवसभर ब्रासोनं कप पुसतो. मी बाहेर पडत होतो तर खूण करून मला मागच्या बोळात नेलं, बूट हातात घेतला आणि चामडं कापायच्या रांपीनं तळ उभा चिरला. वर चामड्याचा पातळ पापुद्रा, खाली पुठ्ठा. साड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर अजून साडीवाल्याचं नाव छापलेलं वाचता येत होतं. खिळा धरायला तिथं काही नव्हतंच. बिराप्पाचे डोळे भरून आले. "ज्ञानूअण्णा असता तर ह्यो बूट दुकानात आला नसता मास्तर," म्हणाला. मग तुझा पत्ता सांगितला. मी काही बोललो नाही. त्याला वाटलं रागानं गप्प आहे. राग होताच. पण गप्प व्हायचं कारण ते नव्हतं.

कारण बोळात जायच्या आधी दुकानात आणखी एक गोष्ट झाली होती. ती मघाशी तुला सांगितली नाही. मी आवाज चढवला, पोलिसात जाईन म्हणालो, तेव्हा सयाजीनं रेडिओ बंद केला. प्रथमच. खणातून आमच्या शाळेची फाईल काढली, एक कागद माझ्यापुढं सरकवला. "माल तपासून घेतला. दर्जा उत्तम." खाली माझी सही, शाळेचा शिक्का. तारीख चौदा जूनची. आणि माल शाळेत आला ऑगस्टात. खोकं यायच्या दोन महिने आधी मी ते तपासलं होतं ज्ञानू! दरवर्षी तसंच करतो. शिपाई कागद घेऊन येतो, मी मैदानावरच मांडीवर ठेवून सही ठोकतो. त्यामागं तीन कोटेशनं टाचलेली, एक सांगलीचं, एक मिरजेचं, एक कोल्हापूरचं. तिन्ही एकाच टाइपरायटरवर मारलेली, तिन्हीत "र" चा पाय तुटलेला. मला ते ठाऊक नव्हतं म्हणू? सात वर्षं मी ती टाचणी काढतोय आणि लावतोय. सयाजी ओरडला नाही, काही नाही. हसून विचारलं, "यंदा ट्रॅकसूट निळाच धाडू का मरून?" आजूबाजूला चार गिऱ्हाईकं होती. मी मान खाली घालून बूट पिशवीत भरला.

आता सत्तर सालचं तुझ्यापुढं मांडतो. तुला ठाऊकच आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस. आमच्या संस्थेनं तीन कोटेशनांचा नियम काढला आणि भाऊसोंनी तीन नावांची लेटरहेडं छापून आणली, वर दिल्लीचा स्वस्तातला तयार माल मागवला. तू म्हणालास, हा खोटेपणा आहे आणि हा माल मी काउंटरवर ठेवणार नाही. भाऊसो म्हणाले, मग मास्तरांनाच विचारू, गिऱ्हाईक तेच आहेत. दोघंही माझ्याकडं बघत होतात. तू तर निश्चिंत होतास, मी काय म्हणणार याची तुला खात्री होती. लहानपणापासून एका ताटात जेवलेली माणसं आपण. आणि मी म्हणालो, "ज्ञानू, जरा जमवून घे की गड्या. चालतंय." एवढंच म्हणालो. तू माझ्याकडं एकदा बघितलंस, कमरेचा चामड्याचा तुकडा सोडून स्टुलावर ठेवलास आणि चालता झालास. त्या दिवाळीला भाऊसोंनी निळा ट्रॅकसूट घरी पाठवला. पंचक्रोशीत कुठल्या मास्तराकडं तसला नव्हता. मी तो घालून सव्वीस जानेवारीला सलामी दिली. पुढं सगळ्यांना सांगत फिरलो की भाऊसोनं माझ्या मित्राला घालवलं. दुकानाला, सयाजीला, जमान्याला शिव्या घालत फिरलो. लाज मला वाटायला पाहिजे होती, ती मी गावभर वाटत फिरलो.

काल मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन सगळं लिहून दिलं, कोटेशनांसकट. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. संध्याकाळी सोपानच्या घरी गेलो आणि बापलेकींना सगळं सांगितलं, तुझंसुद्धा. सोपान कांद्याचं पोतं उचलून आत गेला. राही पाय पाटावर ठेवून बसली होती. ती म्हणाली, "म्हंजे सर, तुमाला ठावं हुतं?" मी हो म्हणालो. मग तिनं विचारलं, ते बूट करणारे अजून आहेत का? म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी तिला घेऊन सातारला येतोय. मी स्टँडवरच बसेन, गॅरेजापर्यंत येणार नाही. तुला तोंड दाखवायची माझी लायकी नाही आणि माफी मागायची हिंमत अजून झालेली नाही. पोरगी तिच्या आईला घेऊन येईल. माझ्यासाठी टाका घालू नकोस, तिच्यासाठी घाल. तिला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलंस तरी चालेल, रात्रीची शेवटची गाडी आहे. माप घेताना उजव्या चवड्यावर मात्र दाबू नकोस, अजून हुळहुळतंय तिथं.

तुझाच म्हणायचा हक्क मी घालवलाय, तरी दुसरं काही लिहिता येत नाही,
तुझाच
हंबीरराव