जरा वर उचलून ओढा

तीर्थरूप दादास धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, पण कागदावर वाकायला काय जातंय?) तुझा खोकला कसा आहे? वहिनीची कंबर? मी ठणठणीत. शाळा दुसरीतच सुटली, तेव्हा काना-मात्रे तुझे तू लावून घे.

पत्रास कारण, मला फार आनंद झालाय, आणि तो झाला न्हाणीघरात. लेकाचा तर धोशा चालूच आहे, "आई, घर विक नि माझ्याकडे चल. भाडेकरू परकेच, वेळेला कोण येतं?" रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतोय. असो, न्हाणीघराचं सांगते.

यांच्या मागे हे घर मीच बघते. खाली मी आणि शेजारी बँडवाला, वर शिंपी-शिंपीण नि नर्सबाई. पाण्याच्या पंपाचं बटण माझ्या स्वयंपाकघरात. पाणी सोडलं की मी तांब्यानं पाइपावर टणटण वाजवते, म्हणजे सगळ्यांनी समजायचं, भरा बादल्या. (बँडवाला म्हणतो, आजी तालात वाजवत नाहीत. त्याचा कर्णा मी रोज ऐकते, बोलते का काही?) आता न्हाणीघराच्या कड्या. सगळ्यांच्याच अडकतात. कुणी तक्रार घेऊन आलं की माझं ठरलेलं, "जरा वर उचलून ओढा." नवी कडी घ्यायची म्हणजे काय कमी व्याप?

तर मंगळवारी अंघोळ उरकली, कपडे केले, आणि कडी हलेना. वर उचलली, ओढली, देवाचं नाव घेतलं, मग देवालाही नाही नाही ते बोलले. हाका मारल्या तर शेजारी कर्णा जोरात. शेवटी तांब्या घेतला नि पाइप बडवला. आणि दादा, वरून काय ऐकू यावं? बादल्या सरकवल्याचा आवाज! सगळ्यांनी नळ उघडले. मी बडवतेय, ते नळ पिळतायत, पाण्याचा पत्ता नाही. मग कर्णा थांबला आणि सगळी मंडळी तावातावानं माझ्या घरात शिरली. (पुढचं दार मी उघडंच ठेवते. लेक त्यावरूनही ओरडतो.)

"आजी, पाणी सोडायचं नव्हतं तर ही थट्टा कशाला?" शिंपीण कडाडली.

"अगं, मी कोंडलेय!"

मग शिंपी दाराला तोंड लावून गोड आवाजात म्हणतो, "आजी, जरा वर उचलून ओढा."

मी आत हसतेय, ते बाहेर. बँडवाल्यानं दार बिजागरीसकट उचकटलं. नर्सबाई रात्रपाळीहून आलेली, डोळे मिटत होते बिचारीचे, पण माझी नाडी बघूनच वर गेली. शिंपिणीनं चहा पाजला. आता दार नाही, म्हणून शिंप्यानं पडदा शिवलाय, त्याला झालर! नातीची आठवण येते रे, पण हे सगळं सोडून कुठे जाऊ?

तुझी भरून पावलेली धाकटी

ता. क. तेव्हा तू शनिवारीच ये आणि भाच्याला समजाव, तुझंच ऐकतो तो. येताना तुझ्या दुकानातल्या चांगल्या कड्या आण, सगळ्या भाडेकरूंना. मला नको. झालर छान दिसते.

पुन्हा ता. क. त्याला सांग, सगळे मदतीला धावून आले. भांडायला आले होते ते सांगू नकोस. नाहीतर सांगच. त्याच्याकडे मी महिनाभर राहिले, तिथे भांडायलासुद्धा कुणी दार वाजवलं नाही.