टेबलाचा चौथा पाय

ती. ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (डाव्या हाताला पट्टी बांधली आहे, तेव्हा हात जुळले आहेत असं समजून घे. कारण पुढे येईलच.) आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? लेकीच्या घरी जिने फार, औषध चुकवू नकोस.

लिहायचं आहे ते टेबलाबद्दल. तू निघून गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी मी म्हणालो होतो, की तू खालच्या आडव्या पट्टीवर पाय रेटून बसतेस म्हणून आपलं टेबल हलतं. तू लगेच पाय काढून घेतलास, टेबल माझ्याकडे कललं आणि माझा चहा माझ्याच मांडीवर सांडला. "बघ, सिद्ध झालं!" असं मी, जन्मभर भूमिती शिकवलेला माणूस, तुला न्यायला आलेल्या तुझ्या व्याह्यांसमोर ओरडलो. (चहा सांडला तो तू पाय काढल्यावर, हे ध्यानात यायला टेबलाची निम्मी उंची घालवावी लागली.)

तू गेलीस आणि टेबल थांबेचना. वाटीतली आमटी ताटात, ताटातली माझ्या सदऱ्यावर. मग मी शास्त्राला हात घातला. चारही पाय सारखे आणि समांतर असले, की वरची फळी जमिनीला समांतर राहिलीच पाहिजे. लांब वाटला तो पाय करवतीने कापला. तो आखूड झाला, म्हणून बाकीचे तीन. (फळ्यावर रेघ सरळ ओढणारा हात करवतीला मात्र तिरका नेतो, डाव्या हाताची पट्टी त्याचीच.) शेजारचा शिंपी खिडकीतून म्हणाला, "मास्तर, कापलेलं वाढत नाही, आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी सांगतात." आता जेवताना माझे गुडघे हनुवटीला टेकतात आणि तुझी भावजय ताट घेऊन ओट्यापाशी उभ्यानेच जेवते.

शेवटी चारही पाय तंतोतंत सारखे झाले. टेबल तरीही डुगडुगलं. तेव्हा तुझी भावजय म्हणाली, "अहो, त्या कोपऱ्यातली फरशी खचलीये. वन्सं तो पाय दाबून धरायच्या, म्हणून तर तिथेच बसायच्या. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं, ताई. जमीन सपाट आहे हे मी धरूनच चाललो होतो. इतकी वर्षं तुझ्यासमोर जेवलो आणि खाली वाकून एकदा पाहिलं नाही. आयताच्या समोरासमोरच्या बाजू कितीही वाढवल्या तरी एकमेकींना भेटत नाहीत, हे मी पोरांना मोठ्या हौसेने शिकवायचो. आता समोरची खुर्ची रिकामी असते, तेव्हा ते वाक्य घशाखाली उतरत नाही. तुझा गुडघा कशाने धरला असेल, हे विचारण्याचीही हिंमत होत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी तुला न्यायला येऊ का?

आणखी एक. टेबलासाठी बोलावतोय असं मनात आणू नकोस. तुझ्या भावजयीने त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, आता ते तसूभरही हलत नाही. म्हणजे या घराला तुझी गरज उरलेली नाही, हे सिद्ध झालं. (माझं सिद्ध झालेलं कसं असतं, ते तुला माहीत आहेच.)