दुमडलेला कोपरा

ताई,

काल भावोजींसमोर तू पुस्तक माझ्या टेबलावर आपटलंस. "एवढ्याशा पोरीला असलं वाचायला देतेस? लायब्ररीत बसतेस म्हणून फार शहाणी झालीस का?" भावोजी हसले.

पण पुस्तक तुझ्या लेकीनेच मागितलं होतं. मुलांच्या विभागात कुणी नाही असं बघून ती हळूच म्हणाली, "मावशी, ज्यात बाबा मारतात आणि आई शेवटी घर सोडते, असं काही आहे का?" मी उगाच कपाटात शोधत राहिले. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

तुम्ही गेल्यावर मी पुस्तक चाळलं. त्यातली आई दार उघडून बाहेर पडते, त्याच्या आधीच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. तुझी लेक पानं दुमडत नाही, मीच तिला तसं वळण लावलंय. ती खोड तुझी. लहानपणी आपण त्यावरून किती भांडायचो.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुझी पत्रं आधी कोण फोडतं ते मला ठाऊक आहे. पुस्तक मात्र मी जमा करून घेतलेलं नाही. उद्या ते भूगोलाचं कव्हर घालून, आत हे पत्र ठेवून, लेकीच्या दप्तरातून येईल. कोपरा तसाच ठेवलाय.

पुढचं पान वाच. माझी मागची खोली रिकामीच आहे.

तुझी धाकटी