मागच्या पट्टीवर बसू नये

ती. दादास,

धाकट्या संजीवनीचा वाकून नमस्कार. भाताच्या झोडणीत धरलेली तुझी कंबर सुटली का? वहिनी देतात तो काढा पितोस, की अजून तुळशीलाच घालतोस? माझ्या भाचीला, समीक्षाला, अनेक आशीर्वाद. मी इकडे मुरबाडच्या डोंगरात खुशाल आहे, निदान हजेरीपटावर तरी. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर सांगितलं असतं तर तू हसला असतास आणि वहिनींनी स्पीकर लावला असता, म्हणून शाई खर्च करते आहे. येत्या रविवारी शेणव्याला घरच्या देव्हाऱ्यात आबांचा टाक बसवायचा, मी शनिवारीच यावं, हा तुझा निरोप मिळाला. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण त्याआधी मेंदूबद्दल सांगावं लागेल.

दिवाळीनंतर आम्हा शिक्षकांचं शहापूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय, मुलांचा मेंदू शिकतो कसा. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी प्लास्टिकचा मेंदू आणला होता, त्याचे फणसासारखे गरे सुटे व्हायचे (जेवणानंतर एक गरा सापडेना, तो एका गुरुजींच्या डब्याच्या पिशवीत निघाला). त्यांचं म्हणणं असं, की ज्ञान कोंबून राहत नाही, पुन्हापुन्हा बाहेर काढलं की राहतं. आठवण म्हणजे बांधावरची पायवाट, कुणी चाललं नाही तर गवत माजतं. आणि सगळ्यात पक्कं बसतं ते आपण दुसऱ्याला शिकवलेलं. मला पटलं. परत आल्यावर मी माझ्या एकोणीस मुलांना नियम घालून दिला: आज शिकलेलं घरी एका माणसाला शिकवायचं, त्याने एक प्रश्न विचारायचा, आणि तो उद्या शाळेत आणायचा.

पहिल्या आठवड्यात धाऊच्या बापाचा प्रश्न आला, तुझ्या बाईंना दुसरं काम नाय का. गिरजाच्या आईचा आला, बाईंचं लगीन कवा. (हा वहिनींनी पढवला असावा, असा मला दाट संशय आहे.) पण तिसरीतली भूमिका खरे प्रश्न आणू लागली. ही तीच मुलगी, सकाळी दाखवलेलं अक्षर दुपारी विसरणारी. खरं सांगायचं तर तिच्यासाठीच मी ते प्रशिक्षण मन लावून ऐकलं होतं. अपूर्णांक शिकवले, तर दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अर्धी भाकर चौघांत वाटली नि मंग पाचवा आला, तर कुनाच्या हातातली काढायची?" पाऊस कसा पडतो ते शिकवलं, तर म्हणाली, "आमच्या शेतातनं वर गेलेलं पानी आमच्याच शेतात पडंल, याची काय हमी?" मी विचारलं, घरी शिकवतेस कुणाला? म्हणाली, आजीला.

भूमिकाचे आईबाप दुसऱ्यांच्या कामावर जातात ते दिवेलागणीला येतात. चार वाजता घरात कोंबड्या आणि देव्हारा, एवढंच. आजी धोंडीबाई गेल्या साली वारली, दिवाळीत तिचा टाक बसला. पोरगी रोज पाटी घेऊन त्या टाकासमोर बसायची. (मी पुण्याला फोन केला. तज्ज्ञांना टाक म्हणजे काय ते आधी समजवावं लागलं: चांदीचा पातळ पत्रा, त्यावर माणूस उठवलेला, गेलेल्याला त्यात बसवून देव्हाऱ्यात ठेवायचं. ते म्हणाले, श्रोता काल्पनिक असला तरी चालतो, शास्त्रात सोय आहे.) महिन्याभरात भूमिकाने धड्याचं अख्खं पान न अडखळता वाचलं. मी पोषण आहाराच्या खोलीत जाऊन तांदळाच्या गोणीवर बसले आणि रडले.

हे बघून बाकीच्यांनीही आपापला श्रोता बदलला. जिवंत माणसं दमून आलेली, दोन ओळींत घोरू लागतात. वारलेली शेवटपर्यंत ऐकतात. पंधरा दिवसांत निम्मा वर्ग पणज्या-आज्यांना शिकवू लागला आणि प्रश्नांचा दर्जा एकदम सुधारला. मग मुलं पुढच्या दोन बस्करपट्ट्यांवर दाटीवाटीने बसू लागली. मागची पट्टी मोकळी. मी सरका म्हटलं की म्हणत, "मागं जागा नाय, बाई." हजेरीला एकोणीस नावं संपली तरी मुलं वह्या उघडत नाहीत, थोडा वेळ मान वळवून मागे बघत बसतात. सगळ्यांची हजेरी आटोपल्यासारखी मग एकदम वह्या उघडतात. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले आणि नेमके त्या पट्टीवर बसले. धाऊ अदबीने म्हणाला, "सायेब, उठा, पणजी दबली." ते उठले. चहा न घेता गेले. भेटपुस्तकात लिहून गेलेत, मुलांची प्रगती उत्तम, वर्गखोली अपुरी.

आता आबांचं. मागच्या बुधवारी, सकाळी साडेअकराला, भूमिका म्हणाली, "बाई, आजी इचारते, शेणव्याच्या बाबाला सही कवा शिकवनार?" मी म्हटलं, कुठला बाबा? "दारात उभा रातो तो. आजी बोलवते, पण आत येत नाय. टाक नाय ना बसला त्याचा. चपला हातात धरून उभा असतो."

दादा, चपला. तलाठ्याच्या दारात, बँकेच्या दारात आबा कसे उभे राहायचे ते आठव. आणि सहीचं तर तुलाही ठाऊक नाही, आज पहिल्यांदा सांगते. आबांनी तीन वर्षं माझ्याकडे सही शिकायला मागितली. मी दर वेळी म्हटलं, मेच्या सुट्टीत शिकवते. जगाची पोरं शिकवली आणि आपला बाप अंगठ्यावर गेला. मला त्याची लाज वाटते.

मी वळून बघितलं. दारात ऊन होतं आणि एक कोंबडी. मी फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात आबांचं नाव, 'भीमा', लिहिलं आणि पहिलीला सांगतात तसं सावकाश समजावलं. दुसऱ्या दिवशी भूमिका निरोप घेऊन आली, फळा पुसू नका, बाबाचं हळू चालतंय. तो कोपरा मी अजून पुसलेला नाही. बाकी मी विज्ञानाची पदवीधर आहे आणि माझा यातल्या कशावरही विश्वास नाही, हे वहिनींना आवर्जून सांग.

तुझी,
संजीवनी

ता. क. रविवारचं पुढे ढकल. टाक तिकडे बसला की आबा तुझ्या देव्हाऱ्यातले झाले, मग इतक्या लांब शाळेला कोण येणार? 'भी' जमला आहे, 'मा'चा काना वाकडा जातो म्हणे. तो सरळ झाला की मी स्वतः येऊन टाक बसवीन. तोवर त्यांचे पाय दुखू नयेत म्हणून दारात स्टूल ठेवलं आहे. मुलं त्याला वळसा घालून आत येतात. मी तसं सांगितलेलं नाही.

ता. क. २ इकडे कुणी येणार असेल तर त्याच्याबरोबर आबांचा चष्मा पाठव. दारातून फळा दिसत नाही म्हणतात.